उत्तराच्या आधी ‘का?’

संख्याशास्त्र नव्याने शिकवायला लागलेल्यांना माझं पहिलं सांगणं असतं: ‘हीच पद्धत का?’ हे उत्तर निघायच्या आधी विचारा. निकाल हाती आला की मुलं त्याला साजेशी कारणं शोधतात, आणि बेमालूम जमवतातही.

मी फळ्यावर सात आकडे लिहिते. रांगेत थांबावं लागलेली मिनिटं: ४, ५, ५, ६, ७, ८, ७०. गणित करायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, सरासरी घेणार की मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा), आणि कशासाठी. मग बोलायचं. ‘७० हा आउटलायर आहे, काढून टाकू’ हे वाक्य हमखास येतं; आउटलायर म्हणजे बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा. मी हो-नाही काहीच म्हणत नाही. विचारते, "७ लिहिताना चुकून ७० झालं असेल, की खरंच कुणी एवढं ताटकळलं असेल?" इथे वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, नेहमी किती थांबावं लागतं ते सांगायचंय, तर मध्यक, म्हणजे ६. दुसरा म्हणतो, सगळ्यांचा मिळून किती वेळ गेला ते हवंय, तर सरासरी १५, गुणिले ७, म्हणजे १०५ मिनिटं. मध्यकावरून हे कळणार नाही. दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत, हे त्यांच्या त्यांना उमगायला वेळ लागतो. लागू द्या. तुम्ही मध्येच निवाडा दिलात, तर पुढच्या तासापासून मुलं फळ्याऐवजी तुमचा चेहरा वाचतील.

"मग काहीही चालतं का?" असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा मी २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगते. फुटबॉलमध्ये सावळ्या खेळाडूंना रेड कार्ड जास्त मिळतात का, या एकाच प्रश्नावर, एकाच डेटावर संशोधकांच्या २९ गटांनी काम केलं. २० गटांना लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाही असा, संबंध दिसला, ९ गटांना दिसला नाही. कुणी खेळाडूची मैदानावरची जागा हिशेबात धरली, कुणी धरली नाही, मॉडेलं, म्हणजे हिशेबाच्या पद्धती, हीही निरनिराळी. काहीही चालतं असं यातून ठरत नाही, पण प्रत्येक निवड उघड मांडावी लागते हे मुलांना पटतं.

‘पुस्तकात असंच आहे’ हे कारण मी धरत नाही. त्यावर माझा प्रश्न ठरलेला: दुसरा पर्याय कोणता होता, आणि तो का सोडलास? गप्प बसणाऱ्यांना वहीतलं वाचून दाखवायला सांगा. लिहिलेलं असलं की तीही बोलतात. गुण मात्र कारणाला द्या, नाहीतर परीक्षा जवळ आली की ही चर्चा कुणी मनावर घेत नाही.