शूटिंगचा बेल्ट निवडताना या चुका टाळा

ड्रॉच्या वेळी, म्हणजे कमरेवरच्या होल्स्टरमधून (पिस्तुलाच्या म्यानातून) पिस्तूल बाहेर काढताना, ते सुटायच्या आधी होल्स्टरच वर उचललं जातं. दोन बोटं वर येतं, मग पिस्तूल सुटतं आणि होल्स्टर परत खाली बसतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होऊन जातं, म्हणून स्वतःला कळत नाही. मला कळलं ते मित्राने बाजूने काढलेल्या स्लो मोशन व्हिडिओत. त्याआधी कित्येक महिने मी दोष पकडीला देत होतो, होल्स्टरचा स्क्रू कधी आवळत होतो, कधी सैल करत होतो. खरी अडचण कमरेला होती. रोजच्या कपड्यांवरचा मऊ चामडी पट्टा मी मॅचला वापरत होतो.

प्रॅक्टिकल शूटिंग, म्हणजे धावत-थांबत वेळेविरुद्ध नेम मारायचा खेळ, सुरू करणारे बहुतेक जण असंच करतात. पिस्तुलावर महिनोन्‌महिने विचार होतो, होल्स्टर निवडून घेतलं जातं, आणि बेल्ट शेवटी उरलेल्या पैशांत येतो. पण आयपीएससीत (या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना) गुणांना वेळेने भागून हिट फॅक्टर काढतात. प्रत्येक ड्रॉ आणि प्रत्येक रिलोड (मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, बदलणं) त्या भागाकारात उतरतो, आणि दोन्हींची सुरुवात बेल्टवरूनच होते.

वजनाचा हिशेब न करणं

नऊ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण 12 ग्रॅम भरतं. प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये (पिस्तुलाच्या प्रकारानुसार केलेला स्पर्धेचा एक गट) मॅगझीनमध्ये जास्तीत जास्त 15 काडतुसं भरता येतात, म्हणजे नुसत्या काडतुसांचे 180 ग्रॅम. स्टीलच्या मॅगझीनचं वजन धरलं की एक भरलेलं मॅगझीन पाव किलोच्या वर जातं. लाँग कोर्स, म्हणजे स्पर्धेतली मोठी स्टेज, 32 राउंडपर्यंत असू शकतो, त्यामुळे चुकलेल्या नेमांची तरतूद धरून चार-पाच मॅगझीन कमरेला असतातच. त्यात सीझेड शॅडो 2 सारखं पिस्तूल रिकामंच 1.3 किलोच्या आसपास. होल्स्टर, हँगर (होल्स्टर बेल्टला जोडणारा भाग), पाऊच (मॅगझीनची खोळ) मिळून बेल्टवर तीन किलोंपेक्षा जास्त वजन येतं. तेही सगळीकडून सारखं नाही: एका बाजूला पिस्तूल, दुसऱ्या बाजूला मॅगझीनांची रांग. धावताना, अचानक थांबताना, गुडघ्यावर बसताना हे वजन हेलकावे खातं. पँट कमरेवर टिकवायला बनवलेल्या पट्ट्याकडून ही अपेक्षा करणं चूकच.

घट्ट आवळला की बेल्ट स्थिर होतो, हा समज

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. होल्स्टर हललं की माणूस बक्कल एक भोक पुढे घेतो. तरी हललं की आणखी एक. शेवटी श्वास पोटाऐवजी छातीत अडकतो, दुपारपर्यंत कंबर भरून येते, आणि होल्स्टर? ते हलतंच. कारण मऊ पट्टा कितीही आवळला तरी जिथे वजन लटकलंय तिथे तो पिळला जातो आणि होल्स्टर वरच्या बाजूने शरीरापासून सुटतं.

हवा असतो तो ताठपणा. कमरेभोवती पट्टा सहज वळला पाहिजे, पण त्याच्या रुंदीत तो दुमडता कामा नये, पिळला जाता कामा नये. तपासायला सोपं आहे. ओलं फडकं पिळतो तसा पट्टा दोन हातांत वीतभर अंतरावर धरून पिळून बघा. हातातच तो स्क्रूसारखा फिरला तर कमरेवरही फिरणार. चांगल्या मॅच बेल्टच्या आत प्लॅस्टिकची कडक पट्टी असते, तो या पिळाला ठाम विरोध करतो. असा बेल्ट अंगावर चढवल्यावर आवळावा लागत नाही, आणि मजा अशी की जो बेल्ट जास्त कडक तोच दिवसभर जास्त सुखाचा वाटतो. वजन एका जागी लोंबत नाही, पूर्ण कमरेवर वाटलं जातं.

सतत घट्ट बेल्ट घालणाऱ्याला एका गोष्टीची सूचना देतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ जाणवत असेल तर दुर्लक्ष करू नका. नितंबाच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून मांडीच्या त्वचेकडे जाणारी एक नस असते. घट्ट पट्ट्याने ती दाबली जाते, या त्रासाला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. बेल्ट सैल करा, त्या टोकावर रुतणारा पाऊच सरकवा, आणि तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

पँटचा नंबर बघून बेल्ट मागवणं

पँटवर 34 लिहिलंय म्हणून कमर 34 इंच असते असं नाही. ती पँट प्रत्यक्षात 36 इंचांची निघू शकते, कारण लेबलावरचा आकडा बरेच कपडे बनवणारे मोकळ्या हाताने टाकतात. मॅचला घालता तीच पँट घाला, शर्ट खोचता तसा खोचा, टेप पँटच्या लूपांमधून फिरवा आणि सहज श्वास सोडून मोजा. मग खुर्चीवर बसून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत फरक पडतो, आणि बेल्टला दोन्ही सामावून घ्यायचे असतात.

मॅचसाठी आता बहुतेक जण जोडपट्टा वापरतात. पातळ आतला पट्टा पँटच्या लूपांमधून जातो, आणि होल्स्टर-पाऊच लावलेला कडक बाहेरचा पट्टा वेल्क्रोने त्याच्यावर चिकटतो. इथे एक साधं गणित लोक विसरतात. आतला पट्टा 4 मिलिमीटर जाड असेल तर बाहेरच्याचा घेर सुमारे 25 मिलिमीटरने, म्हणजे जवळपास इंचाने वाढतो. काही कंपन्या हा फरक धरूनच साइझ देतात, काही देत नाहीत. म्हणून साइझचा तक्ता नीट वाचा, आकडा कमरेचा आहे की पट्ट्याच्या लांबीचा ते बघा.

बाहेरचा पट्टा आखूड पडला तर टोकं जेमतेम भिडतात आणि पहिल्याच वेळी गुडघ्यावर बसताना चर्रर्र आवाज करत सुटतात. लांब झाला तर पोटावर दोन कडक थर एकमेकांवर येतात आणि वाकताना त्याची कड रुतते. बरेचसे कडक बेल्ट कापून कमी करता येतात. पण आधी सगळं साहित्य लावून, एक पूर्ण सराव करून, मगच कात्री हातात घ्या.

वेल्क्रोच्या बाजू न बघणं

वेल्क्रोची एक बाजू आकड्यांची, खरखरीत. दुसरी मऊ, केसाळ. आतल्या पट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला यातली कोणती बाजू ठेवायची याबाबत सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. त्यामुळे एकाचा आतला आणि दुसऱ्याचा बाहेरचा पट्टा घेतला की मऊवर मऊ किंवा खरखरीतवर खरखरीत येण्याची शक्यता असते, आणि ते चिकटत नाहीत. जोडी एकत्रच घ्या. आतला पट्टा जिथे पँटच्या लूपाखाली झाकला जातो तिथे वेल्क्रो धरत नाही, हेही लक्षात ठेवा. लूप बरोबर होल्स्टरच्या मागे येत असेल तर जिथे पकड सर्वांत जास्त हवी तिथेच ती नसते. सुरुवातीला मी सांगितलेलं होल्स्टरचं वर उचललं जाणं जोडपट्टा घेतल्यावरही काहींना त्रास देतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे लूपच असतात. होल्स्टर दोन लूपांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसेल अशी पँट निवडा.

आयपीएससीच्या नियमानुसार बेल्ट कमरेच्या उंचीवरच असावा लागतो, आणि तो कमरेला कायमचा जोडलेला नसेल तर पँटच्या किमान तीन लूपांमधून गेलेला असावा लागतो. घाईत मागचे लूप चुकवणारे अनेक जण मी पाहिलेत. लवचिक कापडाच्या स्पोर्ट्स पँटचे लूप नावालाच असतात, तीन किलोंखाली ते ताणले जातात आणि अख्खा बेल्ट घसरतो. तेव्हा दोष बेल्टचा नसतो.

रुंदी आणि गादी

मॅच बेल्टची रुंदी बहुधा 38 मिलिमीटर, म्हणजे दीड इंच असते, आणि स्पर्धेचे हँगर त्याच मापाचे येतात. 45 किंवा 50 मिलिमीटरचे मोठे खाचे असलेला हँगर दीड इंची बेल्टवर लावला की मधल्या फटीत तो डुलतो. स्क्रू आवळून ही फट भरत नाही, त्यासाठी त्याच मापाचा स्पेसर लागतो.

पोलिसांच्या ड्युटी बेल्टसारखी जाड गादी घेऊ नका. हाताला ती मऊ लागते म्हणून आरामदायी वाटते, पण होल्स्टर शरीरापासून लांब ढकलते आणि दाबली गेली की डोलते. शिवाय प्रॉडक्शनसारख्या डिव्हिजनमध्ये पिस्तूल आणि पाऊच बेल्टच्या आतल्या अंगापासून 50 मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत, आणि ते नितंबाच्या हाडाच्या पुढेही येता कामा नयेत. ज्यांच्या कमरेला जास्त बाक असतो, विशेषतः स्त्रियांना, होल्स्टर वरून बरगडीकडे आणि खालून बाहेर झुकल्यासारखं वाटतं. तिथे पाचरीसारखा तुकडा किंवा कोन बदलता येणारा हँगर उपयोगी पडतो. बेल्ट बदलण्याआधी ते करून बघा, आणि ते डिव्हिजनच्या मर्यादेत बसतंय याची खात्री करा.

आरशासमोर उभं राहून पास करणं

नवा बेल्ट उभ्याने नेहमीच छान बसतो. खरी परीक्षा हालचालीत असते. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. मॅगझीनमध्ये वजनासाठी डमी राउंड (बार न होणारी खोटी काडतुसं) भरा. आता वीस ड्रॉ काढा आणि बाजूने व्हिडिओ घ्या. होल्स्टरचं तोंड बेल्टच्या कडेसोबत वर येतंय का, की पिस्तूल एकटंच सुटतंय, ते बघा. मग दोन्ही गुडघ्यांवर बसा, पोटावर झोपा, उठून पाच-सहा पावलं जोरात धावा. उठल्यावर हात न बघता पहिल्या मॅगझीनवर गेला पाहिजे. तो बोटभर पुढे-मागे पडत असेल तर पाऊच सरकलाय.

पाऊच सरकण्याचं कारण बहुधा सैल स्क्रू असतो. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव) एक थेंब पुरतं. जास्त झालं तर ते काही प्लॅस्टिकना तडे पाडतं, म्हणून ते धातूच्या आट्यांवरच लावा, पाऊचच्या अंगावर ओघळू देऊ नका. स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या भागापर्यंत पेंट मार्करने एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. तशीच एक खूण दोन्ही पट्ट्यांवर मणक्याच्या रेषेत करा. सकाळी घाईत बेल्ट चढवताना एका बाजूला सेंटिमीटरभर सरकला तर होल्स्टर आणि सगळे पाऊच एकदमच सरकतात, आणि दिवसभर ड्रॉ का चुकतोय ते कळत नाही. मी बाहेरचा पट्टा आधी पाठीवर खुणेला खूण लावून दाबतो, मग होल्स्टरची बाजू, मग पाऊचची, शेवटी पुढचं टोक.

मॅचला बेल्ट चढवायचा तो होल्स्टर रिकामं असतानाच. पिस्तूल बॅगेतच राहतं, आणि सेफ्टी एरियात (पिस्तूल हाताळायची ठरवून दिलेली जागा) किंवा रेंज ऑफिसरच्या देखरेखीखालीच बाहेर निघतं. टॉयलेटला जाताना बेल्ट सोडावा लागतो, तेव्हाही आधी सेफ्टी एरियात जाऊन पिस्तूल बॅगेत ठेवा, मग जा. वेल्क्रो सोडताना होल्स्टरमधलं पिस्तूल फरशीवर पडणं ही कल्पनासुद्धा नको. स्टेज चालू असताना पिस्तूल हातातून किंवा होल्स्टरमधून पडलं तर भरलेलं असो वा रिकामं, मॅचमधून बाहेर काढलं जातं.

वापरत गेल्यावर वेल्क्रोच्या आकड्यांत धागे, केस, गवत अडकतं आणि पकड ढिली होते. दर काही आठवड्यांनी जुन्या टूथब्रशने आणि चिमट्याने ते साफ करा. बेल्ट गोलच ठेवा, सपाट दुमडून बॅगेत कोंबू नका, आणि उन्हातल्या बंद गाडीत सोडू नका. आतली प्लॅस्टिकची पट्टी तापून वाकली की ती पूर्ववत होत नाही. साफ करूनही होल्स्टरच्या मागचा भाग हाताने सहज सुटत असेल तर आधी फक्त आतला पट्टा बदलून बघा. झिजतो बहुतेक वेळा तोच, आणि नवा मागवताना कंपनी तीच ठेवा.