जुन्या वाड्यांवर इतिहासफलक लावण्यापूर्वीची तयारी

वाईसारख्या गावात जुन्या घरांवर इतिहासफलक लावावेत, असा ठराव एखाद्या मंडळाच्या सभेत पाच मिनिटांत संमत होतो. परंतु त्यानंतर फलक कोरणाऱ्याकडे जाण्यापूर्वी जी कामे उरकावी लागतात, त्यांना पुरते एक वर्ष दिले तरी ते जास्त होणार नाही. फलकावर जेमतेम तीस-चाळीस शब्द मावतात आणि ते दगडावर किंवा धातूवर कोरले जात असल्याने मागाहून दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून सगळी मेहनत आधीच घ्यावी लागते. पुढील तयारी वाई आणि शेजारचे मेणवली डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे. वाडे असलेल्या कोणत्याही गावाला ती थोड्या फरकाने लागू पडेल.

सर्वप्रथम गावाची आळीवार पाहणी करावी. गणपती आळी, ब्राह्मणशाही, मधली आळी, गंगापुरी, धर्मपुरी, रविवार पेठ अशा क्रमाने फिरून प्रत्येक जुन्या घराची एका पानावर नोंद घ्यावी. तीत सिटी सर्व्हे नंबर, सध्याचे मालक, घराचा आजचा वापर, दर्शनी भिंतीचे दिवसाउजेडी काढलेले छायाचित्र आणि चौकटीवर, जोत्यावर किंवा तुळशीवृंदावनावर आधीच काही कोरलेले असल्यास त्याची हुबेहूब नक्कल असावी. देवळे या यादीतून वगळावीत. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीला आपल्या फलकाची गरज नाही. नव्वद टक्के पाहुणे तेथे जातातच. गरज आहे ती ज्या घरासमोरून लोक मान वर न करता निघून जातात, त्या घरांना.

निवड करताना यादी आपोआप सरदार आणि शास्त्री यांच्याकडे झुकते, कारण कागदपत्रे त्यांचीच टिकलेली असतात. हे लक्षात घेऊन तालीम, छापखाना, पहिली मुलींची शाळा, धर्मशाळा, तांबट-कासारांची घरे यांचाही जाणीवपूर्वक शोध घ्यावा, आणि यासाठी त्या त्या समाजातील वयोवृद्ध मंडळींशी बोलणे अपरिहार्य आहे. हयात व्यक्तीच्या नावाचा फलक लावू नये. लंडनच्या निळ्या फलकांच्या योजनेत व्यक्तीच्या मृत्यूला किमान वीस वर्षे होऊन गेली पाहिजेत अशी अट आहे. आपल्याकडे ती स्वीकारली, तर अनेक नाजूक आग्रह नियमाकडे बोट दाखवून परतवता येतात.

घर निश्चित झाले की त्या घराविषयी आपण नेमके कोणते एकच विधान करणार आहोत, हे क्रियापदासह लिहून काढावे. माझ्या मते संपूर्ण तयारीतील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. जन्मले, राहिले, शिकले, शिकवले, बांधले आणि निवर्तले ही सहा वेगवेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे नाव वाईशी इतके एकरूप झाले आहे की त्यांचा जन्मही तेथेच झाला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्यांचा जन्म २७ जानेवारी १९०१ रोजी धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर येथे झाला आणि २७ मे १९९४ रोजी महाबळेश्वरी त्यांचे निधन झाले. वाईतील फलकाने अध्ययन, अध्यापन आणि विश्वकोशाचे संपादन यांवरच थांबले पाहिजे. मेणवलीच्या वाड्याचेही तसेच आहे. नाना फडणवीस १७४२ मध्ये साताऱ्यात जन्मले, १८०० मध्ये पुण्यात वारले आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग पुण्यातच गेला. म्हणून ‘नाना फडणवीस यांचे निवासस्थान’ या सैल शब्दांपेक्षा ‘नाना फडणवीस यांनी बांधविलेला वाडा’ हे विधान अधिक खरे ठरते. विनोबा भावे १९१७ मध्ये वाईला प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययनासाठी येऊन राहिले; तो मुक्काम काही महिन्यांचा होता, तेव्हा फलकावर साल आलेच पाहिजे, अन्यथा वाचणाऱ्याला विनोबा वाईकर वाटतील. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले, त्याच्या फलकावर १९२१–२२ हा काळ स्पष्ट दिलेला आहे. नावाचीही अशीच काळजी घ्यावी. विनोबांचे गुरू नारायणशास्त्री मराठे यांनी १९३१ मध्ये संन्यास घेतला आणि पुढे ते केवलानंद सरस्वती म्हणून ओळखले गेले. १९१७ च्या घटनेचा उल्लेख करताना पूर्वाश्रमीचे नाव आधी आणि दुसरे कंसात, हाच क्रम योग्य होय.

यानंतर पुराव्याचे काम येते. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा घ्यावा आणि नगरपरिषदेच्या कर आकारणीच्या जुन्या नोंदवह्या पाहाव्यात. या दोहोंवरून मालकी मागे कुठवर नेता येते ते कळते. त्याआधीच्या काळासाठी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आणि इनाम कमिशनच्या (ब्रिटिश काळात इनामांची तपासणी करणाऱ्या आयोगाच्या) चौकशीचे कागद, तसेच पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे जावे लागते, आणि तेथे जाताना मोडी वाचणारी व्यक्ती सोबत असावी. घरातील कागदांची छायाचित्रे मालकांसमोरच काढावीत. मूळ कागद कोणीही, कितीही विश्वासू असला तरी, घराबाहेर नेऊ नये. कालगणनेत घाईने घोटाळे होतात. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सर्वांना पाठ असते, परंतु पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलल्यानंतर फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. जुन्या मराठी कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिल्या जाणाऱ्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण ते वर्ष मृगाला, म्हणजे इंग्रजी वर्षाच्या मध्यावर, बदलते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१, अर्थात १७७०–७१. कागदावर महिना नसेल तर फलकावर ‘सुमारे’ हा शब्द लिहिण्यात कमीपणा मानू नये. घरमालकाच्या आजीने सांगितलेली हकीकत मात्र टाकून देऊ नये. ती नोंदवहीत जपून ठेवावी आणि दुसरा आधार मिळेपर्यंत फलकावर घेऊ नये.

मालकाची संमती लेखी हवी आणि ती सर्व सहहिस्सेदारांची हवी. वाड्यांच्या मिळकत पत्रिकेवर पाच-सात नावे असणे नेहमीचेच. त्यांपैकी एक पुण्यात, एक परदेशात आणि एकाची वारसनोंदच झालेली नसते, म्हणून पत्रव्यवहाराला आधीपासून सुरुवात करावी. मालकांच्या मनात एक धास्ती असते, ती उघडपणे बोलून दाखवली जात नाही: फलक लागला की वाडा वारसा यादीत जाईल आणि पुनर्विकास अडकेल. निव्वळ फलकाने असे कोणतेही बंधन येत नाही, हे संमतिपत्रातच स्पष्ट लिहावे. वास्तविक फलकाने घर वाचतही नाही. लंडनमधील पहिला फलक १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मस्थानी लागला आणि १८८९ मध्ये ते घर पाडले गेले. वाड्यात जुने भाडेकरू असल्यास त्यांच्याशीही बोलावे, कारण मालक-भाडेकरू यांचा दावा चालू असताना भिंतीवर काहीही लावणे हा नव्या वादाचा आरंभ ठरू शकतो. नगरपरिषदेला पत्र द्यावे, आणि घर केंद्र शासनाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या प्रतिबंधित किंवा त्यापुढील २०० मीटरच्या नियंत्रित क्षेत्रात येत असल्यास पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारणा करावी.

मजकूर लिहिताना विशेषणे काढून टाकावीत. ‘थोर’, ‘महान’, ‘प्रातःस्मरणीय’ हे शब्द काढल्यावर जे उरते, त्यावरून आपल्याजवळ किती माहिती आहे हे कळून येते. उद्घाटक, सभापती, नगरसेवक यांची नावे फलकावर घेऊ नयेत; त्यांच्यासाठी कोनशिलांची सोय गावात भरपूर असते. मजकूर दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी तपासावा आणि कोरणाऱ्याने यंत्रावर चढवलेली अंतिम प्रत कागदावर काढून तिसऱ्यांदा तपासावी, कारण युनिकोडमधील मजकूर जुन्या फाँटमध्ये नेताना ‘ऱ्य’, ‘र्क’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे हमखास तुटतात. क्यूआर कोड हवा तर लावावा, परंतु तो वगळूनही फलक पूर्ण वाचता आला पाहिजे.

फलक तीन मीटरवरून वाचता यावा म्हणून अक्षरे किमान २० ते २५ मिलिमीटर उंचीची असावीत आणि मात्रा-वेलांट्यांसाठी ओळींमध्ये पुरेशी जागा सोडावी. चकचकीत काळा ग्रॅनाइट उन्हात वाचवत नाही; पितळ भंगारवाल्याकडे जाण्याची भीती असते; खरवडून अक्षरे भरलेले, चमक नसलेले स्टेनलेस स्टील किंवा स्थानिक काळा दगड हे सोयीचे पर्याय आहेत. खिळे व स्क्रू साध्या लोखंडाचे कदापि वापरू नयेत, कारण गंजताना लोखंड फुगते आणि दगड फोडते. भोके घडीव दगडात न पाडता दोन दगडांमधील सांध्यात पाडावीत, आणि ती चुन्यानेच बुजवावीत. सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि शेजारचा चुना खिळखिळा करते. कोरीव चौकट, गणेशपट्टी आणि देवळ्या यांना हात लावू नये. जागा ठरवताना विजेचा मीटर, वायरींचे जंजाळ आणि फ्लेक्स टांगण्याच्या नेहमीच्या जागा पाहून घ्याव्यात, नाहीतर पहिल्याच वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली फलक झाकला जाईल. कागदी नमुना आठवडाभर भिंतीवर चिकटवून ठेवावा; येणारे-जाणारे तो वाचतात, चुका दाखवतात आणि क्वचित नवी माहितीही देतात.

समारंभ साधा ठेवावा आणि पावसाळा संपल्यावर घ्यावा. प्रत्येक फलकामागील पुराव्यांची एक धारिका तयार करून तिची एक प्रत घरमालकांना आणि एक गावातील ग्रंथालयाला द्यावी. वाईत लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालयासारखी जुनी संस्था असल्याने ही सोय सहज होऊ शकते. दरवर्षी दसऱ्यापूर्वी एकदा सर्व फलकांची फेरी करावी, स्क्रू पाहावेत, ओल्या फडक्याने पुसावे, आम्लयुक्त पावडर वापरू नये, आणि दिवाळीच्या रंगकामाआधी मालकांकडे चिकटपट्टी व कागद पोहोचते करून रंगाऱ्याला फलक झाकून घेण्यास सांगावे.