चालत्या सी++ प्रोग्रामात लुआ बसवायची तर स्टॅक सांभाळा

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) टेस्टिंग बेंचचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा त्रास ठाऊक आहे. ग्राहकाला पास-फेलची एक मर्यादा बदलून हवी असते आणि तेवढ्यासाठी अख्खा सी++ प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो. असे नियम लुआ या स्क्रिप्ट भाषेच्या फाइलमध्ये काढून ठेवा. 1993 साली रिओच्या विद्यापीठात तयार झालेली ही भाषा साध्या सीमध्ये लिहिलेली आहे, म्हणून जुन्या प्रोग्रामातही बसते.

लुआचा सोर्स प्रोजेक्टमध्ये टाका, लुआ.सी आणि लुआसी.सी वगळा, कारण दोन्हींत स्वतःचं मेन आहे. स्टेट, म्हणजे लुआची एक चालती प्रत, उघडा, फाइल लोड करून एकदा चालवा. फाइल ग्राहकाच्या हाती जाणार असेल तर ओएस (सिस्टीमच्या कमांड) आणि आयओ (फाइलींची वाचन-लेखन) लायब्ररी उघडूच नका.

आता स्टॅक, म्हणजे एकावर एक किमती रचायची जागा. सी++ आणि लुआ यांची सगळी देवघेव इथूनच होते. समजा, लुआत 'तपास' नावाचं फंक्शन आहे. आधी ते स्टॅकवर ठेवायचं, मग तापमान, मग लोड, आणि मग पीकॉल, म्हणजे चूक झेलणारा कॉल: दोन घे, एक दे. पीकॉल तिन्ही उचलतो आणि उत्तर ठेवतो. चूक झाली तर उत्तराच्या जागी चूक सांगणारा निरोप ठेवतो. हा निरोप काढायला हमखास विसरलं जातं! लुआने बोलावलेल्या सी फंक्शनचा स्टॅक परतताना आपोआप साफ होतो. तुमच्या मुख्य लूपमध्ये साफ करणारं कोणी नसतं. हमी फक्त 20 रिकाम्या जागांची असते, आणि त्या संपल्या तरी लुआ आपणहून ओरडत नाही, मेमरी बिघडते. बेंच सकाळी नीट चालतो, दुपारी भलत्याच ओळीवर कोसळतो.

म्हणून कॉलआधी गेटटॉपने स्टॅकची उंची घेऊन ठेवा आणि यश असो वा अपयश, शेवटी सेटटॉपने तिथेच परत या. मोजून पॉप करण्याचा (वरच्या किमती काढण्याचा) सल्ला ऐकू नका. उद्या कोणीतरी मध्ये एक ओळ घालतं आणि हिशोब चुकतो. डीबग बिल्डमध्ये लुआ_यूज_एपीआयचेक ही अशा चुका पकडणारी तपासणी चालू ठेवा. पीकॉलऐवजी नुसता कॉल कधीच वापरू नका, कारण स्क्रिप्टमधली एक चूक अख्खा प्रोग्राम बंद पाडते.

स्ट्रिंग मिळाली तर पॉप करण्याआधी तिची नक्कल करून घ्या. पॉपनंतर तो पॉइंटर तुमचा राहत नाही.