कुत्र्याच्या डोळ्यांपुढचे केस: कापायचे की बांधायचे?

शिह त्झू, ल्हासा, माल्टीज किंवा पूडल घरात असेल तर एक गोष्ट आधी ठरवा. डोळ्यांपुढचे केस कायम आखूड ठेवायचे, की वाढवून डोक्यावर बांधायचे? दोन्ही चालतं. मधलं मात्र चालत नाही. नाकाच्या दांड्यावर एकदा कात्री फिरवली आणि पुढचे दोन महिने विसरलात, तर सेंटिमीटरभर वाढलेले ताठ खुंट थेट बुबुळावर घासतात. लांब केस निदान स्वतःच्या वजनाने खाली लोंबतात, खुंट लोंबत नाहीत. ‘केस कापल्यापासून डोळ्यातून जास्तच पाणी येतंय’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. त्यामुळे कापणार असाल तर दर दोन-तीन आठवड्यांनी कापायची तयारी हवी. पॉमेरेनियनच्या तोंडावरचे केस मुळातच आखूड असतात, त्यांना कात्री लावूच नका.

कोल्हापूरच्या हवेत आमचा कौल आखूड केसांना. जून ते सप्टेंबर बांधलेले केस आतून नीट वाळत नाहीत, मग ओल्या केसांखालची कातडी लाल होते आणि वास मारायला लागते. पाऊस संपून रंकाळ्याकडचं किंवा पन्हाळ्यावरचं गवत वाळलं, की कुसळं लांब केसांत अडकतात आणि तिथून डोळ्यात जातात. कारखान्याजवळ राहणाऱ्यांना गळीत हंगामातल्या काजळीबद्दल वेगळं सांगायला नको.

सामान थोडंच लागतं. चार ते पाच इंची, दोन्ही टोकं गोल असलेली कात्री (कागद कापायची नव्हे, तिला धार नसली की केस ओढले जातात), भुवयांसाठी विरळ करायची दातेरी कात्री, उवा काढायची बारीक फणी, कापसाच्या चकत्या आणि मेडिकलमधलं ०.९ टक्क्यांचं सलाईन. फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी डोळ्यांसाठी वापरू नका. सलाईन नसेल तर उकळून गार केलेलं साधं पाणी चालेल. बोरिक पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि माणसांचे ड्रॉप्स लांब ठेवा.

फिरवून आणल्यावर, कुत्रं दमलेलं असताना बसा. टेबलावर रबरी मॅट टाका म्हणजे पाय घसरणार नाहीत, आणि उजेड समोरून येऊ द्या. धरायचं ते हनुवटीखालून, दाढीचे केस मुठीत घेऊन. मानेची कातडी मागे ओढून धरू नका. शिह त्झूच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, तशा ओढण्याने डोळा बाहेर येऊ शकतो.

आधी चिपडं काढायची. सलाईनमध्ये भिजवलेली चकती अर्धा मिनिट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर नुसती धरून ठेवा. वाळलेली चिपडं नखाने खरवडली तर खालची कातडी सोलते. भिजली की आपोआप सुटतात. मग कोपऱ्यापासून खाली पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळी चकती घ्या. राहिलेला गुंता फणीने सोडवा. फणी गालाला सपाट टेकवायची, दात डोळ्याकडे करायचे नाहीत, आणि डोळा व फणी यांच्यामध्ये आपला अंगठा ठेवायचा.

केस पूर्ण वाळल्यावरच कापा. ओले केस लांब दिसतात, वाळून आक्रसले की अंदाजापेक्षा आखूड होतात, पूडलचे तर फारच. कात्री धरलेल्या हाताची करंगळी कुत्र्याच्या गालावर टेकवा, म्हणजे डोकं हललं तर हातही सोबतच हलेल. नाकाच्या दांड्यावरचे केस फणीने उभे करा. कात्री दांड्याला समांतर ठेवा, टोकं नाकाकडे, डोळ्याकडे कधीच नाहीत. आतल्या कोपऱ्यात शिरणारे केसच काढायचे, एका वेळी चार-पाच. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये उलट्या व्ही आकाराची छोटी मोकळी जागा झाली की थांबा. भुवयांवरची झालर पुढे विंचरून विरळ करायच्या कात्रीने कमी करा. साध्या कात्रीने सरळ रेषेत कापलीत तर टोपीच्या कडेसारखी दिसते. पापण्यांचे केस कापू नका. शेवटी डोळ्यात सलाईनची धार सोडून तुटलेले केस धुऊन काढा.

बांधायचंच असेल तर रबर इतकं सैल हवं, की कुत्र्याला डोळे सहज मिटता यावेत. रोज सोडून विंचरा. रबर ओढून काढू नका, कापून काढा.

पांढऱ्या केसांवरचे तांबूस डाग अश्रूंतल्या पोर्फिरिन या रंगद्रव्यामुळे पडतात. रंगलेला केस धुऊन पांढरा होत नाही, तो वाढून कापलाच जावा लागतो. डाग घालवणाऱ्या पावडरी घेताना डबीवरचा मजकूर वाचा. अशा काही पावडरींत टायलोसिन हे प्रतिजैविक असल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१४ मध्ये उत्पादकांना ताकीद दिली होती.

एकाच डोळ्यातून पाणी, पिवळा-हिरवा पू, डोळा बारीक करणं, पंजाने चोळणं किंवा बुबुळावर निळसर-पांढरी झाक दिसली, तर कात्री बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. तोवर घरात पडलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स टाकू नका; बुबुळावर जखम असेल तर ती त्यांनी आणखी खोल होते.