न रडणारं लेकरू: एसएनसीयूत नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरसाठी

एसएनसीयूतल्या, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या नवजात बाळांच्या विभागातल्या, पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात आवडलेलं बाळ कोपऱ्यातल्या वॉर्मरवरचं, ऊब देणाऱ्या खाटेवरचं, होतं. बाकीची टाहो फोडायची, हे गप्प. टोचलं तरी गप्प. हँडओव्हर देताना मी कौतुकाने म्हणाले, "हे लई गुणी लेकरू आहे." इनचार्ज सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुणी नाही गं, दमलंय ते."

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. मी नांदेडला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला होता आणि पेन स्कोअरचे, म्हणजे बाळाला किती दुखतंय ते गुणांत मोजायचे, तक्ते मला पाठ होते. पण तक्ता पाठ असणं आणि बाळ वाचता येणं यात बरंच अंतर आहे. माझं ते अंतर कापण्यात वर्ष गेलं. तुमचं कमी जावं म्हणून लिहितेय.

बहुतेक ठिकाणी तुमच्या हातात पहिल्यांदा निप्सचा तक्ता पडेल. त्यात सहा गोष्टी बघायच्या: चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय आणि बाळ शांत आहे की किरकिरं. रडण्याला शून्य ते दोन, बाकी प्रत्येकाला शून्य किंवा एक. बेरीज जास्तीत जास्त सात, आणि तीनच्या वर गेली की बाळाला दुखतंय असं धरायचं. वापरायला सोपा आहे, दिवस भरलेल्या बाळाला चांगला लागू पडतो. एक बारकावा मात्र पुष्कळ जणी विसरतात. घशात नळी असलेल्या बाळाचा आवाज निघत नाही. तोंड उघडं, चेहरा रडका, पण आवाज नाही, तर ते रडणंच धरून गुण द्यायचे. आवाज ऐकू आला नाही म्हणून तिथे शून्य टाकू नका.

आता त्या कोपऱ्यातल्या बाळाकडे येते. आई ऊसतोडीची, फडावरच कळा सुरू झालेल्या. तिसाव्या आठवड्याचं बाळ, वजन तेराशे ग्रॅम. त्या रात्री इनचार्ज सिस्टरांनी मला शेजारी उभं केलं. शुगर बघायची होती. "टोचायच्या आधी पंधरा सेकंद नुसतं बघ," म्हणाल्या. बाळ गाढ झोपेत, ठोके १४८, ऑक्सिजन ९५. मग त्यांनी टाचेच्या कडेला टोचलं आणि मला म्हणाल्या, "मान वर करू नकोस, तीस सेकंद कपाळ बघ."

भुवयांच्या मधोमध एक फुगीर आठी आली. डोळे घट्ट मिटले. नाकाच्या कडेपासून ओठाकडे जाणारी रेघ क्षणभर खोल झाली. हाताची बोटं पंख्यासारखी पसरली. श्वासाची लय मोडली. आवाज शून्य. पंधराएक सेकंदांत आठी विरली, बाळ पुन्हा निपचित. मॉनिटरवर ठोके १७२ पर्यंत जाऊन आले होते, ऑक्सिजन ८९ ला टेकला होता. मी एरवीसारखी कापूस शोधत बसले असते, तर मला यातलं काहीच दिसलं नसतं.

सिस्टरांनी त्याच बाळाचा स्कोअर माझ्याकडून दोन पद्धतींनी काढून घेतला. निप्समध्ये चेहऱ्याचा एक, श्वासाचा एक, हाताचा एक, एकूण तीन. म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने काळजीच्या रेषेच्या आतच. मग पिप. हा तक्ता खास कमी दिवसांच्या बाळांसाठी १९९६ साली आला. त्यात सात गोष्टी, प्रत्येकाला शून्य ते तीन. अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांच्या आतलं म्हणून दोन, गाढ झोपेत होतं म्हणून तीन, ठोके २४ ने वाढले त्याचे दोन, ऑक्सिजन सहाने उतरला त्याचे दोन, आठीचे दोन, डोळ्यांचे दोन, नाकाजवळच्या रेघेचा एक. बेरीज चौदा. बाराच्या वर म्हणजे मध्यम ते तीव्र वेदना. बाळ तेच, सुई तीच. एका कागदावर 'ठीक आहे', दुसऱ्यावर 'दुखतंय'.

झोपेला आणि कमी दिवसांना गुण कशाला, हे मला आधी उलटंच वाटायचं. कारण साधं आहे: असं बाळ दुखणं दाखवायलाच कमी पडतं, त्याची उणीव तक्ता भरून काढतो. नंतरच्या सुधारित पिपमध्ये हे दोन्ही गुण, बाळाने बाकी काही प्रतिसाद दिला असेल तरच धरतात. त्यामुळे तुमच्या युनिटमध्ये कोणता तक्ता चालतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि एका बाळाला सगळ्या शिफ्टमध्ये तोच वापरा. ऑपरेशन होऊन आलेल्या बाळांसाठी क्राइज नावाचा वेगळा तक्ता असतो, तोही ओळखीचा करून ठेवा.

हे सगळं फार जुनं नाही. १९८० च्या दशकापर्यंत मोठ्या देशांतसुद्धा तान्ह्या बाळांची ऑपरेशनं अगदी जुजबी भूल देऊन व्हायची. एवढ्या लहान जिवाला कुठे कळतं, अशी समजूत. इंदूरला डॉक्टरकी शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी कमी दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ऑपरेशनचा ताण कमी आला, गुंतागुंतही कमी झाली. ते १९८७ साली छापून आलं आणि मग डॉक्टरांची भाषा बदलली. आपल्याकडच्या आज्या मात्र अजून म्हणतात, "लेकराला काय कळतंय!" त्यांना हसू नका. तेच वाक्य मी डिग्रीवाल्यांच्या तोंडूनही ऐकलंय.

आता माझी चूक. एका दुपारी दिवस भरलेलं एक बाळ सारखं रडत होतं. मी भूक समजले. दूध दिलं, दुपटं बदललं, थोपटलं. खरं तर भुकेलं बाळ तोंड शोधतं, मूठ चोखतं, उचललं की जरा थांबतं. हे थांबत नव्हतं. आवाज चिरका, लांबलचक, मध्येच श्वास रोखलेला. मी स्कोअर पाच लिहिला आणि पुढच्या बाळाकडे गेले. स्तनपानासाठी आलेल्या आईबरोबर तिची सासू दारात उभी होती. ती म्हणाली, "ओ सिस्टर, लेकरू त्या हाताला हात लावू देईना. बघा की जरा." चिकटपट्टी आणि स्प्लिंट काढून बघितलं तर हात कोपरापर्यंत सुजलेला. आयव्ही केव्हाच आउट झाली होती, सलाईन मांसात जात होतं. स्कोअर बरोबर होता, पण मी तो लिहून पुढे गेले होते. तेव्हापासून सलाईनच्या जागेवर पट्टी अशी लावते की त्वचा दिसत राहील, आणि तीनच्या वरचा आकडा लिहिला की कारण सापडेपर्यंत त्या वॉर्मरपासून हलत नाही.

फोटोथेरपीतल्या, म्हणजे काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या, बाळाचे डोळे झाकलेले असतात, सीपॅपच्या, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या, बाळाचा अर्धा चेहरा. तिथे हातपाय आणि मॉनिटर जास्त बघावे लागतात. जंतुसंसर्ग झालेलं बाळ मलूल असतं, त्याचा शून्य खोटा असू शकतो. आणि मागच्या शिफ्टचे आकडे बघून आपले भरू नका. एकाखाली एक सहा वेळा 'एक' दिसला की समजा, कुणीतरी खुर्चीत बसून भरलाय.

दुखणं कमी करायला लहान प्रोसिजरच्या वेळी आपल्या हातात बरंच असतं. टोचायच्या दोन मिनिटं आधी जिभेवर डॉक्टरांनी सांगितलेलं सुक्रोजचं द्रावण, थेंबाथेंबाने. ते बघून आजी विचारतेच, "मग मधाचं बोट का नाही?" मध नाही, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. हे दर वेळी न चिडता सांगायचं. टाचेच्या कडेलाच टोचायचं, मधोमध नाही, आणि टाच पिळायची नाही. रक्त जास्त लागणार असेल तर हात बसलेल्या सिस्टरने शिरेतून घेतलेलं बाळाला कमी दुखतं. ऑपरेशननंतरच्या दुखण्याला मात्र गोड पाण्याने भागत नाही, तिथे औषधासाठी डॉक्टरांना उठवावं लागतं. रात्री तीनला उठवायला मला सुरुवातीला भीती वाटायची. आता स्कोअर, ठोके, ऑक्सिजन आणि वेळ एका दमात सांगते, मग कुणी ओरडत नाही.

ऊसतोडीच्या त्या आईचं बाळ तेतिसाव्या आठवड्याला आलं तेव्हा आम्ही त्याची शुगर तिच्या छातीशी कांगारूत, म्हणजे उघड्या अंगाला अंग लावून, असतानाच घेतली. ती डोळे मिटून बसली होती, बाळापेक्षा तीच जास्त घाबरलेली. मी कपाळाकडे बघत राहिले. आठी आली, गेली. मग बाळाने तोंड वाकडं करून चांगला मोठा भोकाड पसरला. आई दचकली. मी आणि इनचार्ज सिस्टर एकमेकींकडे बघून हसलो, आणि मी कागदावर रडण्याचे दोन गुण लिहिले.