गोमुख ट्रेक: शनिवार-रविवारचा हिशेब कुठे चुकतो

गंगोत्रीहून गोमुख, म्हणजे भागीरथी जिथून निघते ते हिमनदीचं तोंड, एका बाजूने साधारण 18 किलोमीटर. वाट मळलेली, चढ अंगावर न येणारा. राजगड-तोरणा एका दमात करणारे नेमके इथेच फसतात. चालणं दोन दिवसांत होतं, यात वाद नाही. पण अडचण उंचीची आहे: कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर आहे आणि गंगोत्रीचा बाजारच 3,100 मीटरच्या आसपास.

नेहमीचा बेत असा: शुक्रवारी विमानाने डेहराडून, शनिवारी दिवसभर गाडीत बसून गंगोत्री, रविवारी पहाटे भोजबासाकडे (गोमुखाअलीकडचा मुक्काम). म्हणजे दोन दिवसांत 3,000 मीटरहून जास्त चढ. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा साधा नियम. भोजबासा सुमारे 3,800 मीटरवर, म्हणजे शेवटचा टप्पाच 700चा. त्यामुळे एक रात्र हरसिलला (गंगोत्रीच्या अलीकडे, सुमारे 2,600 मीटर) आणि दोन गंगोत्रीत काढा. रजा मिळत नसेल तर हरसिल बघून परत या. तेही काही वाईट नाही.

भोजबासात डोकं दुखायला लागलं, मळमळतंय, जेवण जात नाही, तर ती दमणूक किंवा पित्त समजू नका, तो उंचीचा, विरळ हवेचा त्रास समजा. पुढे चढायचं नाही, पाणी प्यायचं, आराम करायचा. सकाळपर्यंत उतार पडला नाही तर खाली. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून दहा पावलं चालायला सांगा; तोल जात असेल, किंवा बसल्याजागी धाप आणि खोकला असेल, तर रात्र असली तरी सोबत देऊन गंगोत्रीकडे उतरवा. अशा माणसाला एकटं पाठवू नका आणि झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका. डायमॉक्स ही उंचीचा त्रास टाळायची गोळी (बहुधा 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून) डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळी घेतली म्हणून मुक्काम कमी करता येत नाहीत.

गोमुखाच्या वाटेचा परवाना आधी काढा. दिवसाला 150 जणांनाच सोडतात आणि मे-जूनच्या सुट्ट्यांत आयत्या वेळी जागा मिळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींनी रस्ता बंद होतो, तेव्हा जाऊच नका.

भोजबासाच्या अलीकडचा थांबा चिरबासा; तो सोडल्यावर 'गीला पहाड' लागतो. सुटा उतार, वरून दगड. ऊन चढलं की गोठलेली माती सैल होते, दुपारी वारा सुटतो, आणि दगड सुटायला लागतात. म्हणून गंगोत्रीहून उजाडताच निघा. या पट्ट्यात अंतर ठेवून, नजर वर ठेवून चाला. कानातले हेडफोन काढा, फोटो पलीकडे गेल्यावर.

हिमनदी पांढरीशुभ्र दिसेल ही अपेक्षा घरी ठेवा. गोमुखाजवळचा बर्फ दगडमातीने झाकलेला, करड्या रंगाचा असतो. मग 'खरा बर्फ' बघायला लोक तोंडाशी जातात. तिथली कड कधीही कोसळते; 2016 च्या जुलैत पुढचा मोठा भाग तुटून वाहून गेला होता. सूचनाफलकाच्या अलीकडेच थांबा. आजूबाजूच्या दगडांखालीही बर्फ असतो, भक्कम वाटणारा दगड पायाखालून सरकतो.

पाण्याची चूक बहुतेकांना उशिरा कळते. भागीरथीचं पाणी दुधी दिसतं, कारण त्यात दगडाची अगदी बारीक पूड असते. थेट फिल्टर लावला की एक-दोन बाटल्यांतच धार बारीक होते. आधी स्वच्छ ओहोळ शोधा. नसेल तर संध्याकाळी भांड्यात पाणी भरून रात्रभर निवळू द्या, वरचं अलगद ओता, पातळ सुती कापडातून गाळा आणि मग फिल्टर लावा. उकळायचं असेल तर खळखळ फुटल्यावर तीन मिनिटं. या उंचीवर पाणी 90 अंशांच्या आतच उकळतं. क्लोरीनच्या गोळीला गार पाण्यात जास्त वेळ लागतो. पोकळ तंतूंचा (बारीक नळ्यांतून पाणी गाळणारा) फिल्टर एकदा वापरल्यावर रात्री गोठला तर आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तो पिशवीत गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. मोबाइल आणि पॉवर बँकही तिथेच.