गेम अडकला की केबलवाल्याला शिव्या? आधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीत कुणाचा राऊटर बसवायचा असो की वायर ओढायची असो, हाक मलाच येते. त्यामुळे एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं तरी डोकं दुखतं: "नेटच बकवास आहे." गेममध्ये मार खाल्ला की केबलवाला दोषी, हे आधीच ठरलेलं असतं. कधीकधी तो खरंच दोषी असतो, त्याच्याकडे शेवटी येतो. पण बहुतेक वेळा चोर घरातच सापडतो.

स्पीड टेस्ट दाखवून भांडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण एकदा मी स्वतःच ती केलीय.

चिंचवडला बहिणीकडे भाच्याची रोज रात्री दहानंतर व्हॅलोरंट या गोळीबाराच्या ऑनलाइन गेमवरून बोंब असायची. "मामा, व्हॅलोरंटमध्ये समोरचा एकदम गायब होतो आणि मी मेलेला असतो. स्पीड टेस्टला तर शंभर येतंय!" तीन वेळा तक्रार झाली, माणूस येऊन बघून गेला. मग हट्ट करून प्लॅन शंभरचा दोनशे झाला. फरक शून्य. शेवटी मीच केबलवाल्याला (त्यांचा आणि आमचा एकच आहे) फोन करून चार शब्द सुनावले. नको ते सुनावले.

एका शनिवारी मुक्कामाला गेलो. लॅपटॉप वायरने राऊटरला जोडला आणि कमांड टाइप करायच्या दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत राऊटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं. दुसरीत बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. पावणेदहापर्यंत राऊटर १ मिलिसेकंद, बाहेर ७-८. दहा वाजून गेले आणि बाहेरचा आकडा ४०, १८०, ४२० असा चढत गेला. राऊटर मात्र १ वरच. मी म्हटलं, बघ, घरात सगळं ठीक आहे, केबलवालाच चोर. तेवढ्यात लक्ष गेलं देवघराशेजारच्या प्लगकडे. बहिणीने झोपायच्या आधी फोन चार्जिंगला लावला होता, आणि वायफाय व चार्जिंग दोन्ही मिळताच त्याने लग्नाचे व्हिडिओ वर चढवायला सुरुवात केली होती. बॅकअप थांबवला. दोन-तीन सेकंदांत आकडा परत ७ वर.

गंमत अशी, की प्लॅन दोनशेचा झाला तेव्हा डाउनलोड वाढलं, अपलोड जिथल्या तिथे दहावर. स्पीड टेस्ट तोही आकडा दाखवते, पण तो वाचतंय कोण!

गेमला फार जागा लागत नाही. सेकंदाला एक मेगाबिटही पुष्कळ होतं. त्याला हवं असतं ते वेळेवर पोचणं. मिसळीच्या दुकानात तुम्ही एक प्लेट घ्यायला गेलात आणि पुढे पन्नास पार्सलवाला उभा असला, तर स्वयंपाकघर कितीही मोठं असू दे, तुम्ही थांबणारच. तुमच्या गोळीची बातमी त्या व्हिडिओंच्या मागे रांगेत उभी असते. याला बफरब्लोट म्हणतात.

राऊटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग सांभाळणारी सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या आकड्याच्या थोडी खाली ठेवा. मी ८५ टक्क्यांवर ठेवतो, का ते विचारू नका, सवय आहे. नसेल तर बॅकअप सकाळी चालू करा. बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "दादा, लग्नाचे व्हिडिओ महत्त्वाचे की याच्या बंदुका?" या प्रश्नाला कुठल्याच राऊटरमध्ये सेटिंग नाही.

वायफायवर खेळून वायफायला विसरणं

राऊटर लोखंडी कपाटामागे, फ्रिजच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या शोकेसमध्ये "दिसू नये म्हणून" ठेवलेला. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११, आणि इमारतीतली सगळी घरं त्यांतच कोंबलेली. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. पीसीवर खेळत असाल तर वायर ओढा. पंधरा मीटर वायर ओढायचा कंटाळा आणि गेमिंग राऊटरवर दहा हजार घालायची हौस, हे एकाच माणसात कसं राहतं मला कळत नाही. मोबाइलवर ५ गिगाहर्ट्झ निवडा आणि राऊटर असलेल्या खोलीत बसा.

दूरच्या सर्व्हरवर जाऊन रडणं

"सोपी लॉबी मिळते", म्हणजे समोर कच्चे खेळाडू येतात, म्हणून व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून आलोय असं दाखवणारं ॲप) लावून भलत्याच देशात खेळायचं आणि मग पिंग ९० आहे म्हणून ओरडायचं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. केबल सरळ जात नाही, वाटेत उपकरणं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. न्यू जर्सीतल्या चुलतभावाबरोबर खेळायचं असेल तर दोघांपैकी एकाचा पिंग दोनशेच्या आसपास जाणार, हे आधीच कबूल करा आणि हरल्यावर भांडू नका.

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या आणि भारतापासून आखातापर्यंत नेट मंदावलं. अशा दिवशी गल्लीतल्या केबलवाल्याने काय समुद्रात बुडी मारायची?

किरकोळ, पण रोजच्या

फोन तापून फ्रेम पडतात, म्हणजे चित्र अडखळतं, त्यालाही लोक लॅग (नेटची दिरंगाई) म्हणतात. मे महिन्यात जाड कव्हर घालून, चार्जिंगला लावून बीजीएमआयसारखा जड मोबाइल गेम खेळलात तर फोन स्वतःचा वेग कमी करणारच. पिंगचा आकडा स्थिर आणि चित्र अडखळतंय, तर नेटचा संबंध नाही.

डीएनएस बदलून सामन्यातला पिंग कमी होत नाही. डीएनएस नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देतो, रस्ता रुंद करत नाही.

"गेम बूस्टर" ॲप काढून टाका. आत्ता.

ट्रेसरूटमध्ये, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या वाटेतले राऊटर एकेक करून दाखवणाऱ्या चाचणीत, मधल्याच एका टप्प्यावर पॅकेट (डेटाची पुडकी) गळताना दिसले आणि पुढचे सगळे टप्पे स्वच्छ असले, तर तिथे बिघाड नाही. तो राऊटर पिंगला उत्तर द्यायला आळशी असतो, एवढंच. गळती तिथून शेवटपर्यंत दिसली तरच कान टवकारा.

आणि केबलवाला खरंच चुकतो तेव्हा

वायरने जोडलंय, घरातले बाकीचे फोन बंद आहेत, राऊटर १ मिलिसेकंदात उत्तर देतोय, तरी संध्याकाळी आठ ते अकरा बाहेरचा पिंग रोज उड्या मारतोय आणि पहाटे शांत असतो? मग संध्याकाळच्या गर्दीला त्याची लाइन पुरत नाही. तो येऊन स्वतःची स्पीड टेस्ट चालवेल. ती बऱ्याचदा त्याच्याच नेटवर्कमधल्या सर्व्हरपर्यंत जाते, त्यामुळे आकडा झकास येतो. तो आकडा मान्य करू नका. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नलच येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला असेल तर मात्र वाद घालत बसू नका, वायर दारात चेपलीय का बघा आणि सरळ फोन करा.

मी तीन संध्याकाळचे स्क्रीनशॉट ठेवतो, दोन्ही खिडक्या आणि घड्याळ दिसेल असे. मागच्या पावसाळ्यात असेच तीन फोटो आमच्या केबलवाल्याला पाठवले, खाली एक ओळ लिहिली आणि चिंचवडच्या त्या फोनबद्दल माफीही मागितली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा माणूस आला आणि थेट गच्चीवर गेला. जोडणीच्या डब्यात पाणी साचलं होतं.